नऊचं मूळ गाव

मराठी माणूस अनोळखी माणसाशी बोलू लागला की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला विचारतो, "मूळचे कुठले तुम्ही?" समोरच्यानं "पुणे" म्हटलं तर ते उत्तर कुणी धरत नाही. पुण्याचं मूळचं कुणी नसतंच. (यावर मूळचे पुणेकर पत्र पाठवतील. पाठवोत.) "हो, पण मूळचे?" मग सातारा निघतो, साताऱ्यातून वाई, वाईतून अमुक आळी. शेवटी समोरच्याची आत्या आणि आपल्या मावसभावाची सासू एकाच वाड्यात भाडेकरू होत्या असं निघालं की दोघंही सैल होतात. त्यानंतर कामाचं बोलणं पाच मिनिटांत उरकतं. त्याआधी काम काढणं हे उतावळेपणाचं लक्षण.

घातांकांची समीकरणं सोडवायची जी पहिली रीत शाळेत शिकवतात, ती अशाच एखाद्या चौकस माणसानं काढली असावी असा माझा जुना संशय आहे. फळ्यावर एका बाजूला ९, त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात क्ष. दुसऱ्या बाजूला २७, त्याच्या डोक्यावर क्ष उणे २. मध्ये बरोबरचं चिन्ह. क्ष किती? बाकीच्या समीकरणांत क्ष बिचारा ओळीत उभा असतो. त्याला इकडचा तिकडे नेता येतो, चिन्ह बदलून पलीकडे ढकलता येतो. इथे तो वर चढून बसलेला. खालून कितीही हाका मारा, ऐकायला तयार नाही. ९ ला २७ नं भागा, २७ मधून ९ वजा करा, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. अशा वेळी गणिताचे मास्तर हातावरची खडूची धूळ झटकत एवढंच म्हणतात, "आधी पाया एक करा."

पाया एक करायचा म्हणजे दोघांना मूळ गाव विचारायचं. ९ सांगतो, मी तीनचा वर्ग. २७ सांगतो, मी तीनचा घन. अरे, म्हणजे दोघंही तीनकर! मग ९ च्या जागी '३ चा २ रा घात' लिहायचं आणि २७ च्या जागी '३ चा ३ रा घात'. घाताचा पुन्हा घात घेतला की घातांकांचा गुणाकार होतो, म्हणून डावीकडे तीनच्या डोक्यावर २क्ष येतो आणि उजवीकडे ३क्ष − ६. खाली दोन्हीकडे तीनच असल्यामुळे वरचे आकडेही सारखेच असले पाहिजेत. २क्ष = ३क्ष − ६. इतका वेळ वर बसलेला क्ष खाली उतरून ओळीत उभा राहतो, आणि तो ६ निघतो.

परीक्षेत इथे दोन रेघा मारून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण गुणांची गरज संपलेल्या माणसानं पडताळा घेतलाच पाहिजे. खरी मजा तिथे आहे. लग्नपत्रिकेचं एखादं पाकीट घ्यावं. त्याची पाठ कोरी असते आणि लग्न एव्हाना होऊन गेलेलं असतं. डावीकडे नऊचे घात मांडत जावं : ९, ८१, ७२९, ६,५६१, ५९,०४९, ५,३१,४४१. उजवीकडे क्ष उणे २ म्हणजे ४, तेव्हा सत्तावीसचे चारच : २७, ७२९, १९,६८३, ५,३१,४४१. वाटेत ७२९ वर दोघांची एकदा गाठ पडते, मग ते पुन्हा आपापल्या चालीनं निघतात. नऊ सहा पावलांत पोचतो, सत्तावीस चार पावलांत, आणि मुक्काम शेवटच्या एकपर्यंत तोच. दोन ओळींच्या बीजगणितानं हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी पेन्सिलीनं तिथवर चालत गेल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. ५,३१,४४१ हा आकडा ध्यानात ठेवा. पुढे तो गाण्याच्या बैठकीत भेटणार आहे.

सगळेच आकडे असं सरळ उत्तर देत नाहीत. काही जण वेशांतर करून येतात. ०.१२५ पाहिल्यावर हा आपल्यातला नाही असंच वाटतं, पण दशांशचिन्ह बाजूला सारलं की कळतं, हा एक अष्टमांश, म्हणजे दोनचाच उणे तिसरा घात. वर्गमुळाच्या चिन्हाखाली बसलेला २ तर नुसतं चिन्ह पांघरून आलेला असतो. दोनचाच अर्धा घात तो. ६४ चं निराळंच. तो कधी आठचा वर्ग म्हणून ओळख देतो, कधी चारचा घन म्हणून. दोन्ही खरं आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. खोदून विचारलं की तोही दोनचा सहावा घात म्हणून कबूल होतो, आणि आठ, चार, सोळा, बत्तीस यांच्याशी त्याचं जमवायचं तर दोनपर्यंत जाणं सगळ्यांत सोपं.

खरी पंचाईत एक या आकड्याची. त्याला गाव विचारलं की तो म्हणतो, तुम्ही म्हणाल तिथला. त्याचं खोटंही नाही. शून्य सोडून कुठल्याही आकड्याचा शून्यावा घात एकच. त्यामुळे इतरांच्या समीकरणात तो गुणी माणसासारखा वागतो. ५ चा क्षवा घात १, तर क्ष शून्य. पण त्याला स्वतःलाच पाया केलं की सगळा कारभार कोसळतो. एकचा पाचवा घात एक आणि नववाही एकच. पाया समान म्हणून घातांक समान म्हणायला गेलं तर ५ आणि ९ सारखे ठरतात. शून्याचं तेच. उणे एकचं तर त्याहून वाईट, कारण त्याचा दुसरा, चौथा आणि सहावा घात सारखे, पहिला, तिसरा आणि पाचवा सारखे. म्हणून पुस्तकात या नियमाखाली कंसात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : पाया ०, १, −१ नसावा. मुलं तो कंस वाचत नाहीत. मला मात्र सगळ्या नियमात तो कंसच वाचनीय वाटतो. ज्यांच्या गावी कुणी जाऊ नये, अशा तिघांची नावं त्यात आहेत.

आपल्या आजोबा-पणजोबांना घातांक हा शब्द भेटला असो वा नसो, दोनचे घात त्यांच्या बोटांवर होते. जुना रुपया घ्या. रुपयाच्या दोन अधेल्या, चार पावल्या, आठ चवल्या, सोळा आणे, बत्तीस ढब्बू, चौसष्ट पैसे. निव्वळ अर्धं करत करत सहा पायऱ्या उतरलं की रुपयाचा पैसा होतो. धान्याच्या मापांतही तेच. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली. कोकणात आणि देशावर मापं लहानमोठी असत, नावंही थोडीफार बदलत, पण अर्ध्याची शिडी कायम. पायलीची चिपटी किती हे विचारल्यावर वाणी बीजगणित करत नसे. त्याला सोळा ठाऊक असत, कारण ते माप त्यानं चार वेळा अर्धं झालेलं पाहिलेलं असे.

आणि मग या सुरळीत कारभारात तीन घुसला. पैशाखाली गेलं की एका पैशाच्या तीन पै. रुपयाच्या चौसष्ट पैशांपर्यंत सगळं दोनचं, आणि एकदम १९२. हाच प्रकार पायलीच्या वर. काही भागांत सोळा पायल्यांचा मण, तिथे दोनचं राज्य अबाधित. काही भागांत बारा पायल्यांचा, म्हणजे पुन्हा तीन आलाच. पै-पैचा हिशेब ठेवणारे लोक इतके बारीक तोंडाचे का असायचे, याचं उत्तर मला या तीनमध्ये दिसतं. पुढे १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि दोनच्या शेजारी पाच येऊन बसला. तेव्हा आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले, आणि तो पाव पैसा कुणी कुणाला द्यायचा यावर दुकानादुकानांतून जे झालं असेल त्याची कल्पनाच केलेली बरी.

अर्धं करत जाण्याचं हे वेड फार जुनं आहे, आणि ते नुसतं वाण्यांचं नव्हतं. नवव्या शतकाच्या आरंभी वीरसेन नावाच्या जैन आचार्यांनी 'षट्खंडागम' या ग्रंथावर 'धवला' ही प्रचंड टीका लिहिली. तिच्यात 'अर्धच्छेद' येतो. एखादी संख्या किती वेळा अर्धी करता येते, तेवढे तिचे अर्धच्छेद. बत्तीसचे पाच, चौसष्टचे सहा. दोन संख्यांचा गुणाकार केला की त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज होते, हेही तिथे आहे. बत्तीस गुणिले चौसष्टचे अर्धच्छेद अकरा. तीननं भागत गेलं तर 'त्रिकच्छेद', चारनं गेलं तर 'चतुर्थच्छेद'. म्हणजे गाव विचारायची ही रीत त्यांच्याकडे पक्की होती. विश्वात जीव किती, काळ किती, अशा मोजता न येणाऱ्या गोष्टी मोजायला बसलेले लोक हे. साध्या गुणाकारानं त्यांचं भागलं नसतंच. धवलेची ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला शतकानुशतकं जपून ठेवलेली होती. ती छापील रूपात वाचकांपुढे येऊ लागली ती १९३९ पासून, आणि आली कुठून, तर आपल्या अमरावतीहून. तिथल्या कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन यांनी ती संपादित केली. लखनौचे गणिती अवधेश नारायण सिंह यांनी त्यातल्या गणितावर लिहिलं आणि अर्धच्छेद म्हणजे आपला दोन पायाचा लॉगरिदम हे जगापुढे मांडलं. संत्री आणि कापसाच्या या गावानं एक जुना लॉगरिदमही छापला, हे अमरावतीकरांनी जरा मिरवायला हरकत नाही.

पण अर्धच्छेदवाल्यालाही एक प्रश्न अडतो. बारा अर्धे केले सहा, सहाचे तीन, आणि आता? पुस्तकातल्या समीकरणांत असं कधी होत नाही. तिथे ८ समोर ३२ असतो, २५ समोर १२५. सगळे एकाच गावचे निघतात, कारण पुस्तक लिहिणाऱ्यानं मुद्दाम एकाच गावचे बोलावलेले असतात. बाहेरच्या जगात मात्र पहिल्याच वळणावर भेटतं : २ चा क्षवा घात = ३. विचारा गाव. दोन म्हणतो दोन, तीन म्हणतो तीन. दोघंही मूळ संख्या, त्यांच्या मागे कुणी नाही. अपूर्णांकानं काम भागेल म्हणावं, तर तेही नाही. समजा क्ष हा कुठलातरी अपूर्णांक आहे. मग दोन्ही बाजूंचा छेदाइतका घात घेतला की दोनचा कुठलातरी घात तीनच्या कुठल्यातरी घाताएवढा व्हायला हवा. दोनचे घात सगळे सम, तीनचे सगळे विषम. सम संख्या विषम संख्येएवढी झाल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही. दोनला कितीही वेळा आणि तीनला कितीही वेळा स्वतःशी गुणा, गाठ पडणार नाही. पुरावा एवढाच, पाच ओळींचा, आणि तो एकदा कळला की फार बरं वाटतं. दोष आपला नाही, असं काहीतरी.

यावर तोडगा निघाला स्कॉटलंडात. जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये लॉगरिदमचं पुस्तक काढलं आणि ते वाचून लंडनचे हेन्री ब्रिग्ज इतके झपाटले की पुढच्या वर्षी थेट एडिंबरोला जाऊन त्यांना भेटले. त्या काळी हे म्हणजे काही दिवसांचा धक्के खात केलेला प्रवास. दोघांचं बोलणं झालं आणि ठरलं की सगळ्यांचा पाया दहा करायचा. कुणाचं मूळ गाव कुठलंही असो, यापुढे पत्ता दहाचा. मग दोन म्हणजे दहाचा ०.३०१० वा घात, तीन म्हणजे दहाचा ०.४७७१ वा. ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये तीस हजार संख्यांचे असे पत्ते चौदा दशांश स्थळांपर्यंत हातानं काढून छापले, आणि मधले राहिलेले सत्तर हजार १६२८ मध्ये हॉलंडच्या आद्रियान व्लाक यांनी दहा स्थळांपर्यंत भरून दिले. आता ०.४७७१ ला ०.३०१० नं भागलं की आपला अडलेला क्ष मिळतो, १.५८५ च्या आसपास.

'आसपास' या शब्दाकडे जरा बघा. नऊ आणि सत्तावीस यांच्या प्रकरणात तो कुठेच नव्हता. तिथे क्ष सहा होता, म्हणजे सहाच. कारण तिथला पाया आकड्यांमध्येच होता, आपण फक्त तो विचारून काढला. दहा हा पाया आपण सगळ्यांवर लादला, आणि लादलेल्या पायावर उत्तर आलं तरी शेपटीला दशांशांची कधीच न संपणारी रांग येते. बारावी सायन्सला क्लार्कचं टेबल वापरलेल्यांना ही रांग आठवत असेल. चार आकडे पाहायचे, मीन डिफरन्सच्या रकान्यात बोट सरकवायचं, मिळवायचं, वजा करायचं, आणि शेवटी अँटिलॉग. उत्तर बरोबर यायचं, पण चौथ्या दशांशाला शेजाऱ्याचं निराळं असायचं. बरोबर तर दोघंही असत.

हाच खेळ पेटीत आहे. सा आणि वरचा सा यांचं नातं दोनचं, वरच्याची कंपनं दुप्पट. सा आणि पंचम यांचं नातं दीडचं, म्हणजे तिथे तीन आला. आता सापासून पंचमावर जा, त्या पंचमाला सा मानून त्याच्या पंचमावर, असं बारा वेळा करा. कान सांगतो, सुरुवातीच्या सावर परत आलो, फक्त सात सप्तकं वर. हिशेब मांडला तर एका बाजूला तीनचा बारावा घात, दुसऱ्या बाजूला दोनचा एकोणिसावा. तीनचा बारावा घात म्हणजे तोच, लग्नपत्रिकेच्या पाकिटावरचा ५,३१,४४१. दोनचा एकोणिसावा ५,२४,२८८. फरक ७,१५३ चा. ऐकायला म्हणाल तर सा आणि कोमल रिषभ यांच्यातल्या अंतराचा साधारण पाव हिस्सा, म्हणजे तंबोरा लावणाऱ्याला झोप येऊ न देण्याइतका. दोन आणि तीन इथेही भेटत नाहीत, फक्त इतक्या जवळून जातात की भेटल्याचा भास होतो, आणि त्या भासावर युरोपातली सगळी पियानोची दुकानं उभी आहेत.

कारण तिथल्या लोकांनी ब्रिग्ज यांच्यासारखंच केलं. दोनचं बारावं मूळ काढलं आणि तोच सगळ्या स्वरांचा पाया ठरवला. पेटीची प्रत्येक पट्टी म्हणजे त्या एका पायाचा कुठलातरी घात : पंचम सातवा, शुद्ध गांधार चौथा. पट्टी कुठलीही घ्या, काळी एक किंवा पांढरी पाच, सगळीकडे तेच अंतर, वाजवणाऱ्याची सोय. किंमत स्वरांनी मोजली. सा २४० कंपनांचा धरला तर खरा पंचम ३६०, पेटीचा ३५९.६. एवढं कुणी मनावर घेत नाही. पण खरा गांधार ३००, आणि पेटीचा ३०२.४. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार या खऱ्या गांधाराशीच जुळतो. तेव्हा बैठकीत एकाच वेळी दोन गांधार वावरत असतात, आणि गवयानं कुणाचं ऐकायचं हे त्याचं त्यानं ठरवायचं.

यावरून आपल्याकडे भांडणं झाली, आणि साधीसुधी नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त सरकारी अधिकाऱ्यांनी १९१० मध्ये पुण्यात सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजी पुस्तक काढलं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून श्रुती तपासल्या आणि खास श्रुतींची पेटी करवून घेतली. १९४० मध्ये रेडिओनं पेटीला दारच बंद केलं, ते पुन्हा उघडू लागलं १९७१ ला. मध्यंतरी महाराष्ट्रातल्या नाट्यगृहांत, भजनी मंडळांत आणि गणपतीच्या मांडवांत पेटी जोरात वाजतच होती. बंदीची दखल तिथे कुणी फारशी घेतल्याचं दिसत नाही. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली आहे. माझं वैयक्तिक मत असं की ३०२.४ चा गांधारही लहानपणापासून कानावर पडत राहिला की गोड लागतो, पण हे मी गवयांसमोर बोलत नाही.

दोन आणि तीन यांची गाठ बारापेक्षा जरा बरी कुठे पडते, हेही लोकांनी शोधून ठेवलं आहे. बाराऐवजी त्रेपन्न पंचम चढले तर तीनचा त्रेपन्नावा घात आणि दोनचा चौऱ्याऐंशीवा घात यांच्यात हजारी दोनच्या जवळपास एवढाच फरक उरतो. मग सप्तकाचे बाराऐवजी त्रेपन्न तुकडे करायचे. रॉबर्ट बोसँके या इंग्रज गृहस्थांनी १८७० च्या दशकात तशी पेटी खरोखरच बांधली. ती आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. एका सप्तकाला त्रेपन्न स्वर म्हटल्यावर पट्ट्यांच्या रांगांवर रांगा आल्या, आणि डाव्या हातानं भाता मारणाऱ्या आपल्या पेटीवाल्याला उजव्या हाताची पाच बोटं तिथे कुठे न्यायची हा प्रश्नच पडला असता. बरं, एवढं करूनही तीनचा त्रेपन्नावा घात विषमच आहे आणि दोनचा चौऱ्याऐंशीवा समच.